पहिलीच्या आधी हाताला खेळू द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य



तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या हातात आपण काय देतो, एवढ्या एकाच प्रश्नासाठी हे पत्र लिहीत आहे. अनेक खासगी बालवर्गांत छोट्या शिशूतच दुरेघी वही येते. इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत ‘स्टँडिंग लाइन’, ‘स्लीपिंग लाइन’ यांनी पाने भरतात, ज्युनिअर केजीत ठिपक्यांची अक्षरे गिरवली जातात आणि सीनिअर केजीत लेखी परीक्षा होते. घरी आल्यावर गृहपाठ असतोच. वही भरली की मूल शिकले, असा समज शाळेने आणि घराने मिळून पक्का केला आहे. माझी मागणी अशी आहे : पहिलीच्या आधी अक्षरलेखनाची सक्ती, लेखी गृहपाठ आणि लेखी परीक्षा या तिन्ही गोष्टी राज्याने बंद कराव्यात, आणि मोकळा झालेला वेळ हात, मनगट आणि डोळे तयार करणाऱ्या खेळांसाठी वेळापत्रकात राखून ठेवावा. मुलांनी उशिरा लिहावे किंवा कमी लिहावे, असे मला म्हणायचे नाही. मुलांनी चांगले लिहावे, न थकता लिहावे आणि स्वतःच्या मनातले लिहावे, यासाठीच ही मागणी आहे.

कागदावर या मागणीला कुणाचाच विरोध नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा पायाभूत स्तर मानला आणि त्यात खेळ, कृती आणि शोध यांवर भर दिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा हेच तपशिलाने सांगतो. एनसीईआरटीने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पूर्वप्राथमिक अभ्यासक्रमात या वयात तोंडी किंवा लेखी परीक्षा घेऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘जादुई पिटारा’ आला, तोही खेळण्यांचा आणि कोड्यांचा. इतके असूनही वर्गातली दुरेघी वही हलली नाही, कारण ती धोरणाने आणलेली नव्हतीच. पालकाला मुलाची प्रगती डोळ्यांनी दिसायला हवी असते, संस्थेला प्रवेश टिकवायचे असतात आणि बाईंना वर्षअखेर काहीतरी दाखवायचे असते. भरलेली वही या तिघांचीही गरज भागवते. हा व्यवहार मोडायचा असेल, तर नुसत्या परिपत्रकाने काम भागणार नाही. वहीची घाई नुकसान का करते आणि तिच्या जागी काय हवे, हे पालकांना पटेल अशा शब्दांत सरकारने सांगावे लागेल.

लिहिताना शरीराला काय काय करावे लागते, ते आधी पाहू. पेन्सिल बोटांत असते, पण बोटे नेमकी चालण्यासाठी मनगट स्थिर लागते, मनगटासाठी कोपर आणि कोपरासाठी खांदा. खांद्यात आणि पाठीत ताकद नसेल, तर मूल बाकावर मान टाकते, वहीवर ओणवे होते आणि सगळा हात एकदम हलवून रेघ ओढते. तळहाताचे दोन भागही वेगळे वागायला शिकावे लागतात : अंगठा, तर्जनी आणि मधले बोट हालचाल करतात, तेव्हा उरलेली दोन बोटे आत वळून हाताला टेकू देतात. दुसऱ्या हाताने कागद धरायचा असतो. डोळ्यांनी आकार पाहायचा, तो मनात ठेवायचा आणि हाताकडून तसाच उतरवून घ्यायचा, हे काम वेगळेच. पेन्सिलीची पकडही टप्प्याटप्प्याने येते. आधी मुठीत धरलेला खडू, मग सगळ्या बोटांनी वरून धरलेला, मग तीन बोटांची पण ताठर पकड आणि शेवटी बोटांच्या पेरांतून हलणारी पकड. शेवटचा टप्पा बहुतेक मुलांना साडेचार ते सहाच्या दरम्यान गाठता येतो, काहींना त्याहून उशिरा.

या ठिकाणी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. लहान मुलाच्या हाताचा आणि मोठ्या माणसाच्या हाताचा क्ष-किरण फोटो शेजारी ठेवून ‘मुलाच्या मनगटात हाडेच नाहीत, म्हणून त्याला लिहायला लावू नका’ असा संदेश पालकांमध्ये फिरतो. मनगटात आठ छोटी हाडे असतात, जन्मतः ती कूर्चेची असतात आणि एकेक करून टणक होत जातात, शेवटचे तर नऊ ते बारा वर्षांच्या सुमाराला. इतके खरे आहे. पण एवढ्यावरून लेखन अशक्य ठरत नाही, नाहीतर सात वर्षांच्या मुलालाही पेन्सिल देता आली नसती. वाढत्या हाताला बारीक, ताठर आणि लांबलचक कामाला जुंपू नये, एवढाच बोध त्या फोटोतून घ्यावा. खेळाची बाजू भक्कम आहे, तिला अतिशयोक्तीच्या आधाराची गरज नाही.

खरा पुरावा आकारांच्या क्रमात आहे. पाहून आकार काढण्याची क्षमता मुलांमध्ये साधारण ठरलेल्या क्रमाने येते, हे बालविकासाच्या अभ्यासकांनी अनेक दशके नोंदवले आहे. आधी उभी रेघ, मग आडवी, तिसऱ्या वर्षाच्या आसपास वर्तुळ, चौथ्याच्या सुमाराला अधिकचे चिन्ह, साडेचारच्या पुढे चौकोन, पाचच्या आसपास फुली आणि पाच ओलांडल्यावर त्रिकोण. शंकरपाळ्याचा आकार नीट यायला तर बहुतेकांना सात वर्षे लागतात. तिरपी रेघ उशिरा येते, कारण तिच्यात दोन दिशा एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या किंडरगार्टनच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात, या क्रमातले पहिले नऊ आकार पाहून काढू शकणारी मुले अक्षरेही लक्षणीय चांगली काढतात, असे दिसले. पाच-सहा वर्षांची ही मुले होती. आता देवनागरीकडे पाहा. ‘अ’मध्ये दोन वळणे, त्यांना जोडणारी आडवी रेघ, उभा दंड आणि वर शिरोरेषा. ‘ळ’मध्ये दोन गाठी, ‘क’मध्ये दंडाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी वळणे, ‘झ’ तर मोठ्यांच्या हातूनही बिघडतो. शिवाय मात्रा वर, उकार खाली आणि पहिली वेलांटी उच्चाराच्या उलट अक्षराच्या आधी. वर्णमालेत ‘अ’ पहिला असला तरी हाताला तो सोपा नाही, हे ओळखूनच मराठी शिक्षकांनी ‘ग म भ न’ असा आकारसाधर्म्याचा क्रम धरला. साडेतीन वर्षांच्या मुलाकडून ‘अ’ची पाने भरून घेताना आपण त्याच्याकडून वर्ष-दीड वर्ष पुढचे काम मागत असतो. ते त्याला जमत नाही तेव्हा बाई त्याचा हात धरून गिरवून घेतात, आणि मूल एवढेच शिकते की लिहिणे म्हणजे दुसऱ्याने हात ओढणे.

मग या वर्षांत हातांनी करायचे काय? उत्तर आपल्या अंगणात, स्वयंपाकघरात आणि सणावारांतच आहे. मातकाम घ्या. शाडू किंवा साधी भिजवलेली माती मळताना, थापताना, तिचा लांब साप वळताना खांद्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत सगळा हात कामाला लागतो. पोळ्याचा बैल करताना त्याची शिंगे चिमटीत ओढावी लागतात आणि चिमटीची हीच ताकद पुढे पेन्सिलीला लागते. दिवाळीचा किल्ला म्हणजे तर हाताच्या तयारीची शाळाच : माती आणणे, दगड रचणे, तटबंदी थापणे, बोटाने वाट काढणे, अळीव पेरणे. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे फाडून चिकटवताना दोन्ही हात विरुद्ध दिशांना चालतात. बोथट टोकाच्या कात्रीने आधी कागदाला नुसत्या चिरा द्यायच्या, मग सरळ पट्टी कापायची, मग वळणावरून, म्हणजे एक हात कापतो आणि दुसरा कागद फिरवतो. मणी किंवा फुले ओवणे, मटार सोलणे, शेंगा फोडणे, मेथीची पाने खुडणे, कणकेच्या गोळ्या वळणे, ओल्या फडक्याचे पाणी पिळणे, आपल्या सदऱ्याची बटणे आपणच लावणे, ही सगळी लेखनाची तयारी आहे, आणि यातल्या एकाही कामाला वही लागत नाही. सागरगोटे आणि चिंचोके खेळताना मूल एक खडा वर फेकते, दुसरा उचलते आणि उचललेले तळहातात सांभाळून ठेवते. बोटे आणि तळहात यांनी एकाच वेळी निरनिराळे काम करण्याचा याहून चांगला सराव सापडणे कठीण.

हातापुरतेच थांबायचेही कारण नाही. फांदीला लोंबकळणे, चढणे, रांगण्याच्या शर्यती, लंगडी, फुगडी यांतून खांदे आणि पाठ घट्ट होतात. झिम्म्यात आपला उजवा हात समोरच्याच्या उजव्या हाताकडे जातो, शरीराची मधली रेघ ओलांडतो. कागदाच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत रेघ सलग नेताना हीच सवय कामी येते. भिंतीवर ओल्या कुंचल्याने पाण्याची चित्रे काढायला दिली की मनगट आपोआप मागे वळते, आणि लिहिताना ते तसेच असावे लागते. खडूचा तुकडा मुद्दाम छोटा द्यावा, तो मुठीत मावत नाही म्हणून बोटांतच धरावा लागतो. वाळूत, रांगोळीत, तांदळाच्या ताटात बोटाने मोठी वळणे काढावीत. पूर्वी मुले धूळपाटीवर धुळाक्षरे काढत, त्यामागे हाच शहाणपणा होता : बोटाला खरखर जाणवते, आकार मोठा निघतो आणि चुकला तर हात फिरवला की पाटी कोरी. ठिपक्यांची रांगोळी मोठ्या मुलांना अंतराचा अंदाज शिकवते. डहाणूच्या परिसरातली वारली चित्रे वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि रेघ एवढ्यावरच उभी असतात. पाच वर्षांच्या मुलाला पाहून काढता येतील असे हे आकार आहेत आणि त्यांतून तारपा नाचाचे अख्खे गाव उभे राहते. दुरेघी वहीतल्या शंभर उभ्या रेघांतून असे काहीच उभे राहत नाही.

लेखन म्हणजे केवळ हाताचे वळण नव्हे, ही गोष्ट या चर्चेत हमखास मागे पडते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांनी लेखनाचा उगम हातवाऱ्यांत, नाटक-नाटक खेळण्यात आणि चित्रांत पाहिला. काठीचा घोडा करणारे मूल एका वस्तूला दुसरीची खूण मानायला शिकते, आणि अक्षर हीदेखील खूणच आहे. मुलांना अक्षरे काढायला शिकवले जाते, पण लिखित भाषा शिकवली जात नाही, अशी त्यांची तक्रार होती. तीन वर्षांचे मूल कागदभर गिरगोट्या काढते आणि ‘हे मी आजीला पत्र लिहिलंय’ म्हणते, तेव्हा लेखनाचा गाभा त्याला कळलेला असतो : मनातले कागदावर ठेवता येते आणि नंतर ते वाचता येते. अशा वेळी बाईंनी ते पत्र वाचायला सांगावे, मूल बोलेल ते त्याच्याच शब्दांत खाली लिहावे आणि बोट ठेवून त्याला वाचून दाखवावे. मूल घरी कोरकू, भिली, अहिराणी किंवा मालवणी बोलत असेल, तर त्याचे शब्द तसेच उतरावेत. गाणी, यमके, ‘क’ने सुरू होणाऱ्या वस्तू शोधणे यांतून ध्वनींची जाण येते. ही सगळी भाषेची भरीव कामे आहेत. वहीला नकार देणे म्हणजे भाषाशिक्षणाला सुट्टी देणे नव्हे.

महाराष्ट्राला हे बाहेरून आयात करण्याची गरज नाही. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि १९५७ मध्ये अनुताई वाघ यांच्या साथीने हे काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. मॉंटेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. त्यांनी परिसरातल्या वस्तूंतून साधने उभी केली आणि मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात नेली. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधी अंगणवाडी ही कल्पना याच राज्याच्या किनारपट्टीवर रुजली होती. या वारशातूनच एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे : १९०७ मध्ये रोमला सुरू झालेल्या मॉंटेसरींच्या बालगृहातली मुले तर चार-पाच वर्षांची असतानाच लिहू लागली होती, मग सहाव्या वर्षापर्यंत थांबायचे कशाला? पण ती मुले लिहू लागली कशामुळे, हे पाहावे लागते. आधी ओतणे, पुसणे, बटणे लावणे, धातूच्या चौकटींच्या कडेने रेघा काढणे आणि खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवणे यांत त्यांचे हात तयार झाले होते. पुढचे लेखन आपणहून आले, कुणी पाने मोजली नव्हती. माझी मागणी सक्ती काढण्याची आहे. चार वर्षांच्या एखाद्या मुलीला स्वतःचे नाव लिहावेसे वाटले, तर तिला खडू द्यावा आणि नाव लिहून दाखवावे. तिच्या शेजारच्या मुलालाही त्याच दिवशी लिहिता आले पाहिजे, हा हट्ट मात्र सोडावा.

ठिपक्यांच्या अक्षरांबद्दल वेगळे सांगितले पाहिजे, कारण बाजारातली निम्मी पुस्तके त्यावर चालतात असे वाटावे इतकी ती सर्वत्र दिसतात. २०१२ मध्ये कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांनी काही अक्षरे स्वतःच्या हाताने काढली, काही गिरवली, काही कळफलकावर दाबली. नंतर ती अक्षरे पाहताना त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. वाचनाशी निगडित भाग स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी जागे झालेले दिसले, गिरवलेल्या किंवा कळ दाबून आलेल्या अक्षरांच्या वेळी तसे दिसले नाहीत. मुले थोडी होती आणि अक्षरे रोमन होती, म्हणून या एका प्रयोगावर सगळा डोलारा उभारू नये. तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. वेडेवाकडे का होईना, मुलाने स्वतः आकार घडवण्यात जे शिक्षण आहे, ते दुसऱ्याच्या ठिपक्यांवरून पेन्सिल नेण्यात नाही. हाताने लिहिणे अत्यंत मोलाचे आहे, हेही त्यातून कळते. म्हणून वही काढून तिथे टॅबलेट ठेवणे हा उपाय होऊ शकत नाही. काचेवर बोट सरकवताना ना दाब लागतो, ना पकड.

सर्वांत मोठी भीती पालकांची आहे : आपले मूल मागे पडेल. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सुगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचनाचे शिक्षण सुरू झालेल्या आणि सातव्या वर्षी सुरू झालेल्या मुलांची तुलना केली. अकरा वर्षांची होईपर्यंत दोन्ही गटांच्या वाचनात फरक उरला नव्हता. फिनलंडमध्ये शाळा सातव्या वर्षी सुरू होते. उलट अमेरिकेच्या टेनेसी राज्यात सुमारे तीन हजार मुलांवर झालेल्या पाहणीत, सरकारी पूर्वप्राथमिक वर्गात गेलेली मुले सहावीत पोहोचेपर्यंत न गेलेल्यांपेक्षा मागे पडलेली दिसली. २०२२ चा हा निष्कर्ष एकट्या लेखनाच्या माथी मारता येणार नाही, पण लवकर सुरू केले की आपोआप पुढे जातात, हा समज त्याने मोडला आहे. आपल्याकडच्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्टही तिसरीअखेर वाचन, लेखन आणि संख्याज्ञान हेच आहे. म्हणजे पहिली, दुसरी, तिसरी अशी तीन पूर्ण वर्षे हाताशी आहेत. तयार हाताने पहिलीत आलेले मूल अक्षरांचे वळण थोडक्यात उचलते, कारण त्याला एकाच वेळी पेन्सिल सांभाळणे आणि अक्षर शिकणे अशा दोन लढाया लढाव्या लागत नाहीत.

यापेक्षा गंभीर आक्षेप न्यायाचा आहे. सुखवस्तू घरात पुस्तके, खेळणी आणि शिकलेले आईवडील असतात; गरीब मुलाला अक्षर भेटते ते शाळेतच, आणि खेळाच्या नावाखाली तेही हिरावले तर दरी वाढेल, असे काही जाणते लोक म्हणतात. ही काळजी मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच ‘नुसते खेळू द्या’ असे मी म्हणत नाही. वर्गात गोष्टींची पुस्तके हवीत, भिंतीवर मुलांची नावे लिहिलेली हवीत, रोज मोठ्याने वाचन हवे आणि हाताचे खेळ ठरवून, क्रमाने, बाईंच्या लक्षाखाली व्हायला हवेत. ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाने २०१९ मध्ये २६ जिल्ह्यांत चार ते आठ वर्षांच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा वर्गीकरण, क्रम लावणे, तुकडे जुळवणे अशा कृतींत पुढे असलेली मुले भाषा आणि गणितातही पुढे दिसली. लवकर पाठ्यक्रम लादण्यापेक्षा या कृती वाढवाव्यात, असाच त्या अहवालाचा कल होता. कोसबाडचे काम राज्यातल्या सर्वांत वंचित मुलांमध्ये झाले, हे विसरू नये. दुरेघी वही गरीब मुलाला दरी ओलांडून देत नाही. पाच वर्षांच्या वयात ती त्याला लाल शेरे दाखवते आणि आपल्याला जमत नाही हे शिकवते.

‘आम्ही पाचव्या वर्षी पाटीवर लिहिलेच ना,’ हेही वारंवार ऐकू येते. त्या पिढीतली मुले पाटीशी येण्याआधी झाडावर चढलेली, विटीदांडू आणि गोट्या खेळलेली, घरकामाला हात लावलेली असत. त्यांचे हात तयार होते, शाळेने ते तयार केले नव्हते एवढेच. आज दोन खोल्यांच्या घरात, वेल्क्रोचे बूट घालून आणि मोबाइलवर बोट फिरवत वाढणाऱ्या मुलाला ती संधी मिळत नाही, मग ते मुंबईच्या इमारतीतले असो की तालुक्याच्या गावातले. घर आणि गल्ली जे देत होती, ते आता बालवर्गाने जाणीवपूर्वक द्यायला हवे. शिवाय पाटी मोठी होती, पुसता येत होती आणि तिच्यावरची चूक कायमची नोंदली जात नव्हती. आणि त्या काळी अक्षर जमले नाही म्हणून शाळा सोडून गेलेली मुले आज आठवणी सांगायला पुढे येत नाहीत.

आता अंमलबजावणीबद्दल. राज्यात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. सेविकेवर पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, मोबाइलवरची माहिती आणि नाना सर्वेक्षणे यांचा भार आहे. तिच्याकडून शिकवण्याची अपेक्षा करायची तर तिच्या दिवसातले किमान दोन तास इतर कामांपासून राखून द्यावे लागतील, आणि हा निर्णय महिला व बालविकास विभागाबरोबर बसून आपणच घडवून आणू शकता. खर्च मोठा नाही : माती, खडू, बोथट कात्र्या, जाड सुई आणि दोरा, मणी, जुने कागद, घरगुती खळ. खेळाचा आणखी एक फायदा आहे. चिमटी जमत नसलेले, कात्री धरता न येणारे, एका हाताचा वापर टाळणारे मूल मातकाम आणि ओवकामात लवकर लक्षात येते. वहीत ते नुसते ‘अक्षर घाणेरडे’ म्हणून ओळखले जाते. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत येतातच. सेविकेच्या निरीक्षणाची छोटी नोंद त्यांच्या हाती दिली, तर अशा मुलांना वेळेत मदत मिळेल.

म्हणून आपल्याकडे पाच गोष्टी मागतो. सरकारी असो वा खासगी, मराठी माध्यम असो वा इंग्रजी, पहिलीच्या आधीच्या कोणत्याही वर्गात लेखी गृहपाठ, लेखी परीक्षा आणि अक्षरलेखनाची सक्ती असू नये, असा बंधनकारक आदेश काढावा आणि पहिलीच्या प्रवेशावेळी मुलाला लिहून दाखवायला लावणाऱ्या शाळांना शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाची आठवण द्यावी. बालवर्गाच्या वेळापत्रकात रोज एक तास हाताच्या खेळांसाठी असावा. पहिलीचे पहिले तीन महिने याच तयारीला द्यावेत; ‘विद्या प्रवेश’ या तीन महिन्यांच्या कार्यक्रमात तशी जागा आधीच आहे. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने देवनागरी अक्षरे आणि मराठी मुलांचे हात यांवर स्वतःचा अभ्यास हाती घ्यावा, म्हणजे रोमन अक्षरांवरच्या निष्कर्षांवर आपल्याला अवलंबून राहावे लागणार नाही. आणि दर सत्रात एक पालकसभा अशी व्हावी की तिथे वहीऐवजी मुलांची चित्रे, मातीच्या वस्तू आणि त्यांनी सांगितलेल्या गोष्टी मांडलेल्या असतील. त्या सभेत पालकांना दुरेघी वहीत आपल्या डाव्या हाताने, आणि डावखुऱ्यांना उजव्या हाताने, पानभर ‘अ’ काढायला सांगावे. मुलाकडून आपण काय मागतो, हे त्यांना त्या पानातून कळेल.

महोदय, या मागण्यांसाठी नवे धोरण लागत नाही, कारण धोरण आहे. मोठा निधी लागत नाही, कारण माती आणि खडू स्वस्त आहेत. लागतो तो ठामपणा, पालकांच्या घाईला आणि संस्थांच्या स्पर्धेला ‘थांबा’ म्हणण्याचा. हा शब्द एखाद्या शिक्षिकेने उच्चारला तर तिची नोकरी धोक्यात येते, एखाद्या शाळेने उच्चारला तर तिचे प्रवेश घटतात. शासनाने उच्चारला तर तो सर्वांना सारखाच लागू होतो आणि कुणाचेच नुकसान होत नाही. येत्या शैक्षणिक वर्षापासून आपण तो उच्चारावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
बालशिक्षणाचा एक अभ्यासक